घटक ६ : कायद्याच्या वाक्याचा कर्ता – प्राप्तिकर आणि उतारवयाची बचत

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर कायद्यातील किंवा अर्थसंकल्पातील एखादी तरतूद मराठीत वाचताना तिचा कर्ता, क्रियापद, अट आणि अपवाद तुम्हांला वेगळे करून दाखवता यावेत. ‘सूट’, ‘वजावट’, ‘अंशदान’ आणि ‘मानधन’ या शब्दांतील अर्थभेद व त्याचा प्रत्यक्ष पैशावर होणारा परिणाम सांगता यावा. निवृत्तीसाठीची बचत वाढावी म्हणून करकायद्यात जे बदल सुचवले जातात, त्यांविषयी स्वतःचे मत आधारासह मांडता यावे. कराचा हिशेब शिकवणे हा या घटकाचा हेतू नाही. ते काम तुमच्या गावातील कर सल्लागार माझ्यापेक्षा चांगले करील.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात कायद्याच्या भाषेवरील घटक बहुतेकांना रुक्ष वाटतो. मलाही तो बरीच वर्षे रुक्षच वाटत होता. माझे मत बदलण्यास महाडचे एक संपर्कसत्र कारणीभूत झाले.

२०२५ सालचा केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला, शनिवारी, मांडला गेला आणि दुसऱ्या दिवशी रविवारी आमचे सत्र होते. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, अशा अर्थाचा मोठा मथळा होता. वृत्तपत्रीय भाषेचा नमुना म्हणून तो अंक मी वर्गात नेला. वर्गात औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारे दोघे, एका बँकेतील लिपिक, लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार आणि पोलादपूरच्या डोंगरातील एका वाडीवरून आलेल्या एक अंगणवाडी सेविका होत्या. त्यांचे वय त्रेचाळीस. मथळ्यावर चर्चा रंगली असताना त्यांनी हात वर केला आणि विचारले, “सर, बारा लाखांचं राहू द्या. मला महिन्याला मिळतं ते मानधन. काम सुटल्यावर माझ्यासाठी यात काय आहे?”

मी गुंतवणुकीवरील वजावटीबद्दल काहीबाही बोललो. बँकेतील लिपिकाने मला सौम्यपणे थांबवले : “सर, बाईंना करच लागत नाही, तर वजावट कशातून करणार?” वर्ग हसला नाही, पण मी ओशाळलो. सत्र संपल्यावर चवदार तळ्याकाठी बसलो असताना चूक ध्यानात आली. त्या बाईंनी वाक्याचा कर्ता विचारला होता आणि मी विधेय सांगत बसलो होतो. व्याकरण शिकवणाऱ्याच्या हातून अशी चूक घडावी, याची चुटपुट अजून आहे. पुढील विवेचन हे त्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर आहे.

६.३ तळ्याचे दोन ठराव

कायद्याच्या वाक्याचा कर्ता का शोधावा, हे समजून घेण्यासाठी महाडपेक्षा चांगले ठिकाण नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह तुम्हांला इतिहास म्हणून ठाऊक आहे. येथे त्यामागील कागदपत्रांची भाषा पाहू.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या वर्गांना करू द्यावा, असा त्याचा आशय. ‘करू द्यावा’ हे क्रियापद जरा न्याहाळा. वापर करणारे कोण ते ठरावात आहे. परंतु ‘देणारे’ कोण? ठराव शिफारशीच्या रूपात होता. ‘द्यावा’ हे विध्यर्थी रूप कर्तव्य सुचवते. त्या कर्तव्याचा कर्ता मात्र वाक्यात दिसत नाही. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या अखत्यारीतील तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. आता देणाराही मिळाला. तरीही पुढील तीन वर्षे कोणी अस्पृश्य मनुष्य तळ्यावर पाणी भरू शकला नाही. कागदावरचे ‘खुले आहे’ आणि पायरीवरचे ‘उतरता येते’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत.

२० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी जमलेले लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. वाक्याला कर्ता मिळाला तो त्या दिवशी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निर्णय दिला. बहिष्काराची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही. पहिल्या ठरावापासून या निकालापर्यंत साडेतेरा वर्षे लोटली.

पाण्याचा हक्क आणि कराची सवलत यांना एका पारड्यात घालावे, असे माझे म्हणणे नाही. तो माणुसकीचा लढा होता आणि प्राप्तिकराचे कलम हा हिशेबाचा विषय आहे. आपण येथून केवळ वाचनाची रीत उचलत आहोत. आंबेडकर स्वतः सार्वजनिक अर्थव्यवहाराचे अभ्यासक होते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये, म्हणजे या दोन ठरावांनंतर व सत्याग्रहापूर्वी, प्रसिद्ध झाला, हे लक्षात असू द्यावे.

महाड परिसराशी निवृत्तिवेतनाचाही जुना संबंध आहे. तालुक्यातील रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ चे. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही लष्कराचे निवृत्तिवेतनधारक होते. गावकीच्या मर्जीवर अवलंबून नसलेली, दरमहा ठरलेल्या तारखेला येणारी रक्कम हातात असली की मनुष्य काय बोलू शकतो, याचा विचार आपल्याकडील समाजसुधारणेच्या इतिहासात फारसा झालेला नाही असे मला वाटते. उतारवयाच्या उत्पन्नाचा प्रश्न केवळ औषधपाण्याचा नसतो, एवढे यावरून दिसते.

६.४ वाक्य सोडवण्याची रीत

प्राप्तिकराचा कायदा संसदेचा. त्याचा अधिकृत पाठ इंग्रजीत असतो आणि मराठी वाचकापर्यंत तो वर्तमानपत्र, बँकेतील माहितीपत्रक किंवा कर सल्लागाराचे बोलणे यांमधून पोहोचतो. या प्रवासात पहिल्यांदा गळतो तो कर्ता. ‘दीड लाखांपर्यंत वजावट मिळते’ या वाक्यात ‘कोणाला’ हे पद नाही. मराठीत कर्ता अध्याहृत ठेवता येतो, ही भाषेची सोय आहे. कायदा वाचताना ती सोय अंगाशी येते.

म्हणून कोणतीही तरतूद वाचताना प्रथम गाळलेला कर्ता किंवा लाभार्थी लिहून काढा. मग क्रियापदाचे रूप पाहा. कायद्याच्या मराठीत ‘करील’ हे बंधन असते, ‘करता येईल’ ही मुभा असते. त्यानंतर ‘जर’, ‘बाबतीत’, ‘अधीन राहून’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या अटी वेगळ्या करा. शेवटी ‘परंतु’ने सुरू होणारे वाक्य शोधा. त्याला परंतुक म्हणतात. वरच्या वाक्याने हातावर ठेवलेले परंतुक अनेकदा काढून घेते, म्हणून ते वाचल्याशिवाय उठू नये.

आता हीच रीत निवृत्तीच्या बचतीला लावू.

६.५ सूट आणि वजावट

बोलताना आपण ‘टॅक्समध्ये सूट मिळते’ असे सरसकट म्हणतो. परिभाषेत मात्र निदान तीन गोष्टी वेगळ्या आहेत. काही उत्पन्न करातून मुळातच वगळलेले असते. शेतीचे उत्पन्न तसे आहे. काही रक्कम एकूण उत्पन्नातून वजा केली जाते आणि उरलेल्यावर कर लागतो, ती वजावट. काही रक्कम कराचा आकडा निघाल्यावर त्या आकड्यातून कमी होते; ती करसूट. वजावट उत्पन्नातून होते आणि सूट करातून मिळते. अपादानाचे नाम बदलले की लाभार्थी कसा बदलतो, ते पाहण्यासारखे आहे.

१९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात पूर्वी कलम ८८ होते. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा इत्यादींत टाकलेल्या रकमेच्या ठरावीक टक्के रक्कम त्या कलमानुसार थेट करातून कमी होत असे. शेवटच्या काही वर्षांत तर कमी उत्पन्नवाल्याला अधिक टक्के आणि वार्षिक पाच लाखांवर उत्पन्न असणाऱ्याला काहीच नाही, अशी रचना होती. २००५ च्या वित्त अधिनियमाने ही सूट गेली आणि तिच्या जागी कलम ८०क, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘एटी सी’, आले. त्याची मर्यादा प्रथम एक लाख रुपये होती. २०१४ मध्ये ती दीड लाख झाली. हे कलम वजावटीचे आहे.

फरक उदाहरणाने पाहू. तिघांनी प्रत्येकी दीड लाख रुपये निवृत्तीसाठी बाजूला टाकले असे समजा. ज्याच्या उत्पन्नाच्या वरच्या थरावर ३० टक्के कर लागतो त्याचे ४५,००० रुपये वाचतील. ज्याला २० टक्के लागतो त्याचे ३०,००० वाचतील. ज्याला कर लागतच नाही त्याचे शून्य. येथे उपकर बाजूला ठेवला आहे. तिघांची काटकसर सारखी, किंबहुना तिसऱ्याची सर्वांत कठीण. तरी सरकारची मदत उलट्या क्रमाने. ‘वजावट’ हा शब्द निवडला गेला तेव्हाच हा क्रम ठरला.

येथे एक पोटप्रश्न सोडवून पुढे जा : ‘ज्येष्ठ नागरिकांना व्याजावर सवलत’ या मथळ्यातील ‘सवलत’ शब्दाने वगळणूक, वजावट आणि सूट यांपैकी नेमके काय अभिप्रेत असू शकते? मथळ्यावरून ते ठरवता येते का?

२०२० च्या अर्थसंकल्पाने पर्यायी करप्रणाली आणली : दर कमी, पण बहुतेक वजावटी बंद. सुरुवातीला ती निवडावी लागे. २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर उलट झाले. काही न निवडणारा करदाता नव्या प्रणालीत धरला जातो आणि जुनी हवी असेल तर तसे कळवावे लागते. ‘निवडल्यास’ हा शब्द एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला आणि न बोलणाऱ्याच्या मौनाचा अर्थ बदलला. नव्या प्रणालीत मालकाने राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत भरलेल्या अंशदानाची वजावट तेवढी टिकली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने खासगी नोकरदारांसाठी तिची मर्यादा वेतनाच्या १० टक्क्यांवरून १४ टक्के केली. पुन्हा कर्ता विचारा. ज्याला मालक आहे, आणि जो मालक अंशदान भरतो, त्यालाच हे वाक्य लागू. आमच्या वर्गातील कंत्राटी कामगारांपैकी एकाने या ठिकाणी मोठ्याने विचारले, “मालक म्हणजे कंपनी की ठेकेदार?” प्रश्न अचूक होता.

नव्या प्रणालीच्या बाजूने काही म्हणता येत नाही असे नाही. कर भरणाऱ्याने पैसा कोठे ठेवावा हे सरकारने का सुचवावे, पंचविशीतील मुलाला घरभाडे भागवायचे असताना त्याला साठीची चिंता का लावावी, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. केवळ कर वाचावा म्हणून मार्चअखेर घाईत घेतलेल्या विमा पॉलिशा किती घरांत धूळ खात पडल्या आहेत, हे आपण सर्व जाणतो. तथापि दूरच्या दिवसांसाठी बचत करणे माणसाला जड जाते, आणि कराची टोचणी हा त्यावरचा एक जुना उपाय होता. तो काढून घेतल्यावर दुसरा कोणता, हा प्रश्न उरतोच.

६.६ प्रस्ताव आणि माघार

अर्थसंकल्पातील ‘प्रस्तावित आहे’ हे क्रियापद अजून कायदा नसते. २०१६ चे उदाहरण घ्या. २९ फेब्रुवारीच्या भाषणात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी असा प्रस्ताव मांडला की, १ एप्रिल २०१६ नंतरच्या अंशदानातून भविष्य निर्वाह निधीत जी रक्कम साठेल, ती काढताना ४० टक्के करमुक्त राहील. उरलेल्या ६० टक्क्यांचे काय, हे नोकरदारांनी लगेच ओळखले. लोकांनी सगळी रक्कम एकदम न उचलता तिच्यातून दरमहा निवृत्तिवेतन विकत घ्यावे, हा त्यामागील हेतू. तो चुकीचा होता असे म्हणवत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून खुलासे सुरू झाले : कर मुद्दलासह सर्व रकमेवर की केवळ व्याजावर? ‘साठलेली रक्कम’ या एका पदात मुद्दल आणि व्याज दोन्ही बसत होते. ८ मार्चला प्रस्ताव मागे घेण्यात आला. पुढे २०२१ मध्ये कर्मचाऱ्याच्या वार्षिक अडीच लाखांवरील अंशदानाचे व्याज करपात्र झाले, तेव्हा फारसा गदारोळ झाला नाही. या वेळी वाक्याचा कर्ता स्पष्ट होता आणि तो मूठभर होता.

६.७ ‘मानधन’ हा शब्द

आता त्या सेविकेच्या प्रश्नाकडे येऊ. ‘पगार’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला आणि इतका रुळला की त्याला आपण फारसी ‘-दार’ जोडून ‘पगारदार’ केले. ‘चवदार’मध्येही तोच प्रत्यय आहे. ‘वेतन’ हा संस्कृत शब्द शासनव्यवहारात स्थिरावला. ‘मानधन’ हा तसा सुंदर शब्द. सन्मानाने दिलेले धन. पूर्वी तो कवीला, व्याख्यात्याला, परीक्षकाला देण्याच्या रकमेसाठी वापरला जाई. एका दिवसाच्या कामासाठी तो शोभतो. जी बाई वीस-पंचवीस वर्षे रोज वाडीवरील मुलांना खिचडी शिजवून घालते, वजने घेते, लसीकरणाला माणसे गोळा करते, तिच्या कमाईलाही ‘मानधन’ म्हटले की सन्मान कागदावर राहतो आणि वेतनामागून येणारे हक्क दाराबाहेर थांबतात. वेतन नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून निवृत्ती नाही, निवृत्ती नाही म्हणून उपदान नाही, अशी ही साखळी. (ग्रॅच्युइटीला आपल्या परिभाषेत ‘उपदान’ म्हणतात, हा शब्द वर्गातील कोणालाच ठाऊक नव्हता, हेही नोंदवून ठेवतो.)

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात या साखळीचा पहिला दुवा तोडला. न्यायमूर्ती अजय रस्तोगी व न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ चा उपदान प्रदान अधिनियम लागू असल्याचा निर्णय दिला. सरकारचे म्हणणे साधारणपणे असे होते की, त्यांना मिळते ते मानधन, ते वेतन नव्हे. न्यायालयाने त्या अधिनियमातील ‘वेतना’ची व्याख्या पाहिली आणि मानधनही तीत बसते असे ठरवले. शब्दार्थाचा असा खटला भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावा. या निर्णयातून प्रत्यक्ष रक्कम हातात पडणे हा पुढचा टप्पा, आणि ठरावानंतर पायरीपर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो याचे महाडचे उदाहरण तुमच्यासमोर आहेच.

याच्या उलट टोकाचा एक शब्द पाहा. राज्यशासनाच्या ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजने’त ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधारांना दरमहा साहाय्य मिळते. त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधी वेतन मिळाले नाही आणि ते कोणत्याही कामातून निवृत्तही झालेले नाहीत. तरी योजनेच्या नावात निवृत्तिवेतन आहे. लोक मात्र नेमका शब्द वापरतात. ते म्हणतात, “श्रावणबाळचे पैसे आले.”

आमच्या निवृत्त हवालदारांनी असाच एक लोकशब्द शिकवला. निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी घेण्याला शासकीय भाषेत ‘अंशराशीकरण’ म्हणतात. हवालदार म्हणाले, “मी पेन्शन विकली होती, पंधरा वर्षांनी परत सुरू झाली.” अंशराशीकरण उच्चारून पाहा आणि ‘पेन्शन विकणे’ उच्चारून पाहा. दुसऱ्यात नफातोट्याची जाणीव आहे, पहिल्यात ती लोपली आहे.

६.८ ज्यांना कर लागत नाही त्यांच्यासाठी

पोलादपूरच्या डोंगरातील भात-नाचणीच्या शेतकऱ्याचे शेतीचे उत्पन्न करातून वगळलेले. महाडच्या बाजारातील हातगाडीवाल्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली. सेविकेचे मानधन तर दूरच. करकायद्यातील कोणत्याही वजावटीच्या वाक्यात ही माणसे कर्त्याच्या जागी येऊच शकत नाहीत. त्यांच्यासाठी सरकारने वेगळे व्याकरण योजले, ते अंशदानाचे. अंशदानात सरकार स्वतः कर्ता होते आणि खात्यात पैसे भरते. २०१० च्या ‘स्वावलंबन’ योजनेत वर्षाला हजार रुपये सरकार घालीत असे. २०१५ मध्ये तिच्या जागी अटल पेन्शन योजना आली : साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी. तिच्यात सरकारी अंशदान केवळ सुरुवातीला आलेल्यांना, तेही पाच वर्षांपुरते होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणाऱ्यास किंवा पूर्वी भरलेल्यास या योजनेत नव्याने येता येत नाही. २०१९ च्या प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत कामगार वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरतो, सरकार तितकेच भरते आणि साठीनंतर ३,००० रुपये मिळतात. याही योजनेच्या नावात ‘मानधन’ आहे!

आता परंतुक. दोन्ही योजनांत प्रवेशाचे वय १८ ते ४०. चाळिसाव्या वर्षी अटल योजनेत आलेल्याला १,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठीसुद्धा महिना २९१ रुपये भरावे लागतात, अठराव्या वर्षी आलेल्याला ४२. त्रेचाळीस वर्षांच्या बाईंना दोन्ही दारे बंद. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत त्या खाते उघडू शकतात, पण तेथे सरकार त्यांच्यासाठी काही भरत नाही, आणि त्या भरतील त्यावर वजावटीचा लाभही नाही. त्यांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की करकायद्यात त्यांच्यासाठी काहीच नव्हते. ते मी त्या दिवशीच सांगायला हवे होते.

म्हणूनच सुचवल्या जाणाऱ्या बदलांपैकी कोणत्या बदलाने वाक्याचा कर्ता बदलतो, हे पाहावे. दीड लाखांची मर्यादा वाढवावी, ही मागणी दर अर्थसंकल्पापूर्वी होते. तिने लाभ होईल तो वर्षाला दीड लाखांहून अधिक बाजूला टाकू शकणाऱ्याला. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीची जादा ५०,००० रुपयांची वजावट नव्या करप्रणालीतही द्यावी, ही मागणी मला अधिक रास्त वाटते, कारण ती निदान निवृत्तीच्याच बचतीशी बांधलेली आहे. परंतु दोहोंचा कर्ता ‘करदाता’च राहतो. माझ्या मते वजावटीऐवजी बचतीच्या प्रमाणात सर्वांना सारख्या दराने खात्यात जमा होणारी रक्कम, हा बदल मुळाशी जाणारा ठरेल. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने असे पाऊल उचलले आहे : कमी उत्पन्नाच्या बचतदाराला मिळणारी करसूट २०२७ पासून त्याच्या निवृत्तिखात्यात सरकारी अंशदान म्हणून जमा व्हावयाची आहे. आपल्याकडे ते कितपत परवडेल, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी सांगावे. चाळिशीची अट शिथिल करण्यास मात्र फार मोठे शास्त्र लागेल असे वाटत नाही.

६.९ नवा कायदा, कमी शब्द

१९६१ च्या अधिनियमाची जागा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ घेतो; त्याच्या अंमलाचा दिनांक १ एप्रिल २०२६. प्राप्तिकर विभागाच्या मोजणीनुसार जुन्या कायद्यात सुमारे ५.१२ लाख शब्द होते, नव्यात सुमारे २.६ लाख. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर-निर्धारण वर्ष’ या दोन संज्ञांच्या जागी ‘कर वर्ष’ ही एकच आली. परंतुकेही बरीच घटली. आपले ‘एटी सी’ तेथे कलम १२३ झाले आहे, जरी लोकांच्या तोंडचा शब्द इतक्यात बदलेल असे दिसत नाही. संसदेच्या प्रवर समितीने विधेयकाची छाननी करताना अंशराशीकृत निवृत्तिवेतनाची वजावट कर्मचारी नसलेल्या, पण निवृत्तिवेतन निधीतून अशी रक्कम घेणाऱ्या व्यक्तीलाही मिळावी, अशी शिफारस केली आणि सुधारित विधेयकात ती आली. येथे कर्ता वाढला. शब्द निम्मे होणे ही चांगलीच गोष्ट आहे; तथापि वजावटीचे व्याकरण जुनेच राहिले.

६.१० स्वाध्याय

१. ‘पात्र व्यक्तीस वजावट अनुज्ञेय राहील, परंतु तिने पर्यायी प्रणालीचा त्याग केला असला पाहिजे.’ या वाक्याचा लाभार्थी, क्रियापद, अट आणि परंतुक वेगळे करा. मग तेच वाक्य तुमच्या आईला समजेल अशा मराठीत लिहा.

२. ‘वेतन’, ‘पगार’, ‘मजुरी’, ‘मानधन’, ‘विद्यावेतन’ या पाच शब्दांपैकी तुमच्या घरातील प्रत्येक मिळवत्या व्यक्तीच्या कमाईस कोणता शब्द लागतो आणि तो कोणी ठरवला, हे दीडशे शब्दांत लिहा.

३. भविष्य निर्वाह निधीसंबंधीचा २०१६ चा प्रस्ताव संदिग्धता न राहील अशा रीतीने मराठीत पुन्हा मांडा. ‘मुद्दल’ आणि ‘व्याज’ हे शब्द योग्य जागी आले आहेत ना, ते तपासा.

४. ‘निवृत्तीच्या बचतीसाठी करातील वजावट हे योग्य साधन आहे’ या विधानाच्या बाजूने किंवा विरुद्ध तीनशे शब्दांत लिहा. परीक्षक तुमची बाजू पाहणार नाही, तुमचा आधार पाहील.

६.११ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील टपाल कार्यालय, बँकेची शाखा किंवा तहसील कार्यालय यांपैकी एका ठिकाणाहून निवृत्तिवेतनाच्या कोणत्याही एका योजनेचा मराठी अर्ज मिळवा. त्यातील जे शब्द तुम्हांला अडले त्यांच्याखाली रेघ मारा. मग साठीच्या पुढील तीन व्यक्तींना तो वाचून दाखवा आणि त्यांना कोणते शब्द अडले, त्याऐवजी त्या कोणता शब्द वापरतात, ते त्यांच्याच बोलीत टिपून घ्या. दोन्ही याद्या संपर्कसत्रात आणाव्यात. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांची नावे लिहू नयेत. वय, गाव आणि व्यवसाय एवढे पुरे.